अत्तींना सोलापूर दाखवलं तो रविवार

ईरम्मा कलशेट्टी सोलापुरात येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि सोलापूर तिनं पाहिलं नव्हतं. बायकांना मास्तरीण करायचा ट्रेनिंगचा वर्ग होता, त्याला जोडून बोर्डिंग होतं, आणि बोर्डिंगच्या मागच्या दारानं निघालं की आठ-दहा घरं ओलांडून वर्गाचं दार यायचं. तेवढाच तिचा रस्ता. एकदा संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत मुलींना रांगेनं सिद्धेश्वराच्या देवळात नेलं होतं, पण त्या गर्दीत पुढच्या बाईच्या अंबाड्याखेरीज तिला काही दिसलं नव्हतं.

ही गोष्ट १९३३ सालातली. पुढे ईरम्माबाई आमच्या शाळेवर शिकवायला आल्या आणि शिवणाच्या तासाला, आमचे हात चालू असताना, त्यांनी ती आम्हा मुलींना कितीदा तरी सांगितली. दर वेळी थोडी वेगळी सांगायच्या. कधी ऊन जास्त असायचं, कधी टांगेवाला जास्त बोलका असायचा. पण बुरुजावरचा भाग मात्र कधी बदलायचा नाही.

त्या वेळी त्या तेवीस वर्षांच्या होत्या. अक्कलकोट संस्थानातल्या एका खेड्यात, लिंगायत शेतकऱ्याच्या घरात, बाराव्या वर्षी दिलेल्या. नवरा चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं हौसेनं बायकोला अक्षरं शिकवली, आधी कानडी, मग मराठी. बाईंना सतरावं लागलं आणि तो पटकीनं गेला. मूलबाळ नव्हतं. घरात सासू दानम्मा, थोरला दीर सिद्धप्पा, त्याची बायको आणि पोरं. धाकटी सून विधवा झाली म्हणजे घरच्या कामाला दोन हात कायमचे राहिले, असं सिद्धप्पाला वाटे, आणि तसं वाटण्यात काही वावगं आहे असं त्याला वाटत नसे.

ते दानम्मानं मोडलं. गावच्या मास्तरांनी एकदा सहज म्हटलं, तुमची सून चांगली वाचते, शिकली तर मास्तरीण होईल. दानम्मानं महिनाभर काही बोलून दाखवलं नाही. मग एके सकाळी सुनेचं गाठोडं बांधलं आणि तिला अक्कलकोटात आपल्या बहिणीकडे नेऊन सोडलं. तिथं मराठी सातवी झाली आणि मग सोलापूर. सिद्धप्पा आईशी पंधरा दिवस बोलला नाही. दानम्माला त्याची काही अडचण वाटली नाही.

वर्गात त्या महिन्यात नमुना पाठ चालू होते. म्हणजे शिकणाऱ्या बायकांनी खऱ्याखुऱ्या मुलींपुढं उभं राहून एक धडा शिकवायचा, आणि मागच्या बाकावर बसून मथुराबाईंनी तो तपासायचा. मथुराबाई बोर्डिंगही सांभाळत आणि वर्गही. ईरम्माच्या वाट्याला बुधवारचा पाठ आला होता आणि विषय होता, ‘आपल्या शहरातील पाहण्यासारख्या इमारती’. तिनं दोन दिवस भूगोलाचं पुस्तक घोकलं. मथुराबाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हे पुस्तकानं पाहिलेलं झालं. तुम्ही काय पाहिलंत?”

ईरम्मानं पुस्तक मिटलं.

“मग रविवारी बघून या. पण कुणी तरी मोठं माणूस बरोबर हवं.”

मोठं माणूस कुठून आणायचं या काळजीत असतानाच शनिवारी गावाकडच्या एका माणसानं निरोप आणला. दानम्मा उद्या सकाळच्या गाडीनं येते आहे, सुनेनं तिला सोलापूर दाखवावं. ईरम्माला आनंदही झाला आणि नवलही वाटलं. अत्ती, म्हणजे कानडीत सासूबाई, कुठं काही बघायला जाणारी बाई नव्हती. अक्कलकोटच्या बाजाराला गेली तर बाजार करून परत यायची. तिथला राजवाडा रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे, हेही तिला सांगता आलं नसतं.

दानम्मा आली ती डोक्यावर एक आणि हातात एक अशी दोन गाठोडी घेऊन. डोक्यावरच्या गाठोड्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि गाडग्यात दही. हातातल्या गाठोड्यात हिरवं इरकल लुगडं, लाल काठाचं, घडीही न मोडलेलं.

“हे नेस,” ती म्हणाली. दोघी आपसात कानडीच बोलत. बाई आम्हाला ते मराठीत सांगायच्या, पण सासूचं बोलणं सांगताना त्यांचा आवाज आपोआप गावाकडचा व्हायचा.

“अत्ती, नवं कशाला? उन्हात फिरायचंय.”

“फिरायलाच नेसत्यात. शेण भरताना नेसू व्हय?”

ईरम्मा लुगडं नेसली. दानम्मानं तिच्या पाठीमागून फिरून निऱ्या नीट केल्या, कपाळावरची विभूती थोडी सरळ केली आणि हात मागं घेऊन एकदा पुरतं बघून घेतलं. मथुराबाईंनी दिवे लागायच्या आत परत या म्हणून बजावलं, आणि दोघी निघाल्या.

सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. तळ्याच्या मधोमध सिद्धेश्वराचं देऊळ आणि तिथं जायला पाण्यातून बांधलेली वाट. या खेपेला गर्दी नव्हती. ईरम्मा त्या वाटेवर मध्येच थांबली. दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात शिखराची पडछाया, आणि वारा आला की ती मोडायची आणि पुन्हा जुळायची. इतक्या मोकळ्या जागेत ती बऱ्याच दिवसांनी उभी होती. पोरींना काय सांगायचं, याचा विचारही तिच्या मनात आला नाही. दानम्मा मात्र मान उंच करून देवळाच्या दाराकडे बघत होती, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी.

दर्शन घेऊन बाहेर आल्या तो पायरीशी एक माणूस उभा. पस्तिशीच्या पुढचा, स्वच्छ धोतर, वर काळा कोट, काळी टोपी.

“अगं बाई, रुद्रप्पा की हा!” दानम्मा एवढ्या मोठ्यानं म्हणाली की फुलं विकणारी म्हातारीसुद्धा वळून बघू लागली. सुनेला ती ईरव्वाच म्हणे. “ईरव्वा, हा आमच्या माहेरचा. लांबचा. हितं रंगाचं दुकान हाय त्याचं.”

रुद्रप्पानं हात जोडले. त्याची नखं निळी-तांबडी होती. विणकरांना सूत रंगवायला जे रंग लागतात ते तो विकत असे, आणि कितीही धुतलं तरी नखांतला रंग जात नसे.

“आज दुकान बंद ठिवलंय,” तो म्हणाला. “तुमी सोलापूर बघायला आलाय म्हनं. मी दाखवतो की.”

ईरम्माला बरं वाटलं. आपल्याला वाटा माहीत नाहीत, अत्तींना तर नाहीतच. तिनं त्याला लगेच विचारायला सुरुवात केली. हे देऊळ मुळात केवढं होतं? ही वाट नंतर बांधली का? गाभाऱ्यापुढचा मंडप एकाच वेळचा आहे का? रुद्रप्पानं तीनही प्रश्न नीट ऐकून घेतले.

“खरं सांगू? मला म्हायती न्हाय,” तो म्हणाला. “मी हितंच जल्मलो. दर सोमवारी येतो. येतो, डोकं टेकतो, जातो. वर कधी बघितलं न्हाय.”

मग तिनंच त्याला खांबावर कोरलेली वेल दाखवली आणि तो टोपी सावरत वर बघत राहिला. दानम्मा दोन पावलं मागं राहिली होती. ती मागं राहिली की ईरम्मा थांबायची, आणि ईरम्मा थांबली की दानम्मा हातानं खुणावायची, चला, तुम्ही चला पुढं.

देवळापासून किल्ला जवळच. तळ्याचं पाणी एका अंगानं किल्ल्याच्या भिंतीला लागूनच आहे. दरवाजाला हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले लोखंडी खिळे ईरम्मानं हात लावून पाहिले. आत गेल्यावर भिंतीकडे बघता बघता ती एकाएकी थांबली आणि तिनं मान खांद्यापर्यंत कलती केली. भिंतीत एक कोरीव दगड होता. कुणा जुन्या देवळाचा असावा. भिंत बांधताना जसा हाताला आला तसा बसवला होता, आणि त्यावरची नाचणारी बाई आडवी झाली होती. शेजारच्या दगडावर झिजलेली कानडी अक्षरं होती, तीही उलटी.

“काय लिहिलंय?” रुद्रप्पानं विचारलं.

“उलटं आहे. थांबा.” तिनं मान आणखी कलती केली. रुद्रप्पानंही केली. दोघं तशी वाकडी उभी राहून ती अक्षरं लावू लागली. एक अक्षर ती ‘म’ म्हणाली, तो ‘व’ म्हणाला. दानम्मा पदर तोंडाला लावून हसायला लागली. इतकं हसताना ईरम्मानं तिला धाकटा मुलगा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. म्हणून तीही हसली. अक्षरं काही लागली नाहीत.

बुरुजाच्या पायऱ्यांपाशी आल्यावर दानम्मा खाली दगडावर बसली.

“माझं गुडघं वर न्हाय यायचं. तुमी दोघं जाऊन या.”

“मग राहू दे, अत्ती. खालूनच बघू.”

“खालनं काय दिसतंय? जा की. मी हितं बसती. कुनी न्हेत न्हाय मला.”

ईरम्मा दोन पायऱ्या चढली आणि तिच्या ध्यानात आलं. नवं लुगडं. सरळ केलेली विभूती. मागं राहणं. लांबचा माहेरचा माणूस, ज्याचं नाव आजवर कधी अत्तींच्या तोंडी आलं नव्हतं. तिचे कान तापले. मागं फिरावं असं वाटलं, पण मागं दानम्मा होती आणि पुढं वळण होतं. ती पुढंच गेली.

वर वारा होता. खाली तळं, तळ्यात देऊळ, पलीकडं घरांची धाबी आणि त्यांच्या पाठीमागं गिरण्यांच्या उंच चिमण्या. रविवार म्हणून त्यातून धूर निघत नव्हता, आभाळ स्वच्छ होतं. सबंध गाव एका नजरेत दिसत होतं आणि त्यात आपलं बोर्डिंग कुठं असेल हे तिला ओळखता येईना. रुद्रप्पा हातभर अंतर ठेवून उभा होता.

“तुम्ही अत्तींच्या माहेरचे कोण?” तिनं विचारलं.

रुद्रप्पानं टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली. “कोन न्हाय,” तो म्हणाला. “त्यांना मी मागच्या म्हैन्यात पैल्यांदा बघितलं. आमच्या गल्लीतल्या स्वामींनी स्थळ सुचवलं. मला वाटलं, तुमाला सांगितलं असंल.”

“नाही सांगितलं.”

“म्हंजे सकाळपासनं तुमी मला खराच मामा-बिमा समजत होता?”

“लांबचा,” ती म्हणाली, आणि तिला राग आलेला असूनही थोडं हसू आलं.

आमच्यात विधवेचं दुसरं लग्न लागतं, बाई इथं थांबून आम्हाला सांगायच्या. त्याला उडकी म्हणतात. गाजावाजा नसतो, पण लागतं. तेव्हा त्या माणसाचं काही चुकलं होतं असं समजू नका.

रुद्रप्पानं आपलं सगळं सरळ सांगितलं. बायको जाऊन तीन वर्षं झाली. सात वर्षांची एक मुलगी आहे, नागव्वा. आई थकली आहे. दुकान बरं चालतं. शिकलेली सून नको असं आईचं म्हणणं आहे, पण त्याला स्वतःला ते चालेल.

“आणि शाळा?” ईरम्मानं विचारलं.

“कसली शाळा?”

“माझी. मी शिकवणार ती.”

रुद्रप्पाला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यानं खरोखरच विचार केला. “ती सोडावी लागंल की,” तो म्हणाला. “घर, म्हातारी, पोरगी. शाळंत कवा जानार? आनि जायचं कशाला? घरात काय कमी हाय?”

त्यात कसलाही ताठा नव्हता. विचारणाऱ्याला त्यानं खरं उत्तर दिलं होतं. ईरम्मा तळ्याकडे वळली.

“एक विचारू? तुमची पहिली बायको कधी इथं वर आली होती?”

“न्हाय.”

“का?”

“कुनी आनलंच न्हाय,” तो म्हणाला, आणि मग, “मीच आनलं न्हाय. दुकानातनं हितं यायला येळ तो किती लागतो? पन न्हाय आनलं. तिनं म्हटलंबी न्हवतं, आनि मलाबी सुचलं न्हाय.”

त्याचा आवाज उतरला होता. ईरम्माला वाटलं, आपण विचारायला नको होतं. मग तिनं जे सांगायचं ते सांगून टाकलं.

“बुधवारी माझा पाठ आहे. तो झाला की सहा महिन्यांनी परीक्षा. मग कुठं तरी नेमणूक होईल. मला ती हवी आहे.”

हे वाक्य तिनं आजवर कुणापुढं म्हटलं नव्हतं, स्वतःपुढंही नाही. अत्तींनी पाठवलं म्हणून शिकायला आले, असंच ती सगळ्यांना सांगे. तोंडातून निघाल्यावर तिला कळलं की ते खरं आहे.

“म्हंजे न्हाय म्हनताय.”

“नाही म्हणते आहे. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे.”

“ते समजलं.” रुद्रप्पानं मान हलवली. “बरं झालं हितं सांगितलंत. घरी येऊन, आईनं रवा भाजून, शेजारनींना बोलवून, मग न्हाय म्हटलं असतं तर लई जड गेलं असतं.” मग तो म्हणाला, “पन खाली त्यांना कोन सांगनार?”

“मी सांगते. पण लगेच नको. त्या आयुष्यात पहिल्यांदा गाव बघायला निघाल्यात. इंद्रभुवनाचा वाडा बघून झाला की सांगते.”

“मी जाऊ का थांबू?”

“तुम्ही गेलात तर त्यांना आत्ताच कळेल.”

“मग थांबतो,” रुद्रप्पा म्हणाला. “तसंबी दुकान बंदच हाय.”

खाली आल्यावर किल्ल्यातल्या बागेत, झाडाखाली, दानम्मानं गाठोडं सोडलं. दोघांना हसत-बोलत उतरताना तिनं पाहिलं होतं. सगळं जमलं असं तिला वाटलं. तिनं रुद्रप्पाच्या भाकरीवर दही ओतलं, चटणी ठेवली आणि तो पुरे म्हणाला तरी आणखी एक भाकरी ठेवली.

“घरात पान्याचं कसं हाय?” तिनं विचारलं.

“नळ हाय.”

“घरात?” दानम्माचा घास हातातच राहिला. “घरातच नळ? हिरीवर जायचं न्हाय?”

“न्हाय.” रुद्रप्पानं ईरम्माकडे चोरून पाहिलं आणि पुढचा घास मोठा घेतला.

“बग गं ईरव्वा. घरात नळ.”

ईरम्मा म्हणाली, “ऐकलं, अत्ती.” बुरुजावर जे सोपं वाटलं होतं ते इथं, त्या दह्याच्या गाडग्यापुढं बसून, अवघड झालं होतं.

जेवणं आटपून ती तिघं पायी नव्या पेठेत आली. कापडाची दुकानं, सराफांच्या पेढ्या, भांड्यांचे ढीग. दानम्मा प्रत्येक दुकानापुढं थांबू लागली. एका दुकानात तिनं नऊवारीचा पोत बोटांनी चोळून पाहिला आणि काही न घेता बाहेर आली. वाटेत रुद्रप्पाला एक ओळखीचा विणकर भेटला, त्याच्याशी तो तेलुगूत बोलला. तीन भाषा बोलतो म्हणून दानम्माला त्याचं आणखीच कौतुक वाटलं. मग ऊन चढलं म्हणून रुद्रप्पानं टांगा केला, आणि तिघं इंद्रभुवनाशी पोचली.

इंद्रभुवन म्हणजे एका मोठ्या व्यापाऱ्यानं हौसेनं बांधलेला वाडा. वाडा कसला, राजमहालच. फाटकावरच्या माणसानं आत जाऊ दिलं नाही, पण बाहेरून बघा म्हणाला, हवं तेवढं बघा. कमानी, सज्जे, घुमट, आणि जागोजाग दगडी पुतळे. दानम्मा तोंड उघडं टाकून बघत राहिली.

“ही दगडाची मानसं कशाला उभी केली?” ती म्हणाली. “घरात मानसं कमी हुती?”

फाटकावरचा माणूस हसला. ईरम्मा हसली नाही. तिनं रुद्रप्पाकडे बघितलं, आणि तो काही न बोलता टांग्यापाशी गेला आणि घोड्याच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिला.

“अत्ती, इकडं बसा.” रस्त्याच्या कडेला एक निंब होता, त्याच्या पारावर ईरम्मानं तिला बसवलं. “मी त्यांना बुरुजावरच नाही म्हणून सांगितलं.”

दानम्मानं वर बघितलं नाही. हातातल्या पदराचं टोक तिनं एकदा गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“वाईट हाय?”

“नाही. चांगले आहेत.”

“मग?”

“मला शिकवायचं आहे. तुम्ही पाठवलंत म्हणून आले होते. आता मलाच हवं आहे.”

टांग्याचा घोडा पाय आपटत होता. ईरम्माला वाटलं, अत्ती रडतील किंवा रागावतील, आणि या दोन्हींसाठी ती तयार होती. दानम्मानं यातलं काहीच केलं नाही. ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

“मी रांडवली तवा चोवीस वर्साची हुते. दोन पोरं पदरात. वर्सभरानं एक मानूस आला हुता विचारायला. आळंदचा. त्याची दोन बैलं हुती, एवढंच मला म्हायती हाय. सासरा वसरीवर बसला हुता. त्यानं तितल्या तितं न्हाय सांगितलं. मी आत चुलीपाशी, मला समदं ऐकू येत हुतं. मला कुनी विचारलं न्हाय. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला अजून ठावं न्हाय. न्हायच म्हटलं असतं का काय की. पन विचारलं न्हाय ना.”

ईरम्मानं आजवर हे कधी ऐकलं नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

“तुला साळंत घातलं तवाबी म्या विचारलं न्हाय,” दानम्मा म्हणाली. “गाठोडं बांधलं आनि न्हिऊन टाकलं. रात्री झोपताना मनात यायचं. आपन बी त्या म्हाताऱ्यासारकंच केलं. म्हनून म्हटलं, एकदा तुला मानूस दाखवावा आनि विचारावं.”

“मग सरळ विचारायचं होतंत. लपवलंत कशाला?”

“आदी सांगितलं असतं तर तू आली असतीस?”

ईरम्मानं थोडा विचार केला. “नसते आले.”

“मग!”

मग दानम्मानं मनातली खरी भीती सांगितली. “मी किती दिसाची? मी गेल्यावर सिद्धप्पा तुला घरात घेनार न्हाय. एकली बाई, परगावची साळा. दुखलं-खुपलं तर पानी कोन देनार?”

“तुम्ही द्या,” ईरम्मा म्हणाली. “नेमणूक झाली की माझ्याकडे या राहायला.”

“लेकाचं घर सोडून सुनेकडं? लोक हसतील की.”

“हसू देत.”

दानम्मानं त्यावर व्हय म्हटलं नाही आणि न्हायही म्हटलं नाही. ती उठली, लुगडं झटकलं आणि टांग्याकडे चालू लागली. रुद्रप्पा अवघडून उभा होता. त्याच्यापुढं जाऊन ती म्हणाली, “बाबा, तुझा दिवस मोडला. मनात ठिवू नगंस.”

“न्हाय ठेवत,” रुद्रप्पा म्हणाला. “मलाबी आज किल्ला बघायला मिळाला.”

“तुझ्या पोरीला कोन संबाळतंय?”

“आई.”

“म्हातारीला किती दिस झेपंल?” दानम्मा म्हणाली, आणि टांग्यात चढता चढता तिनं त्याला त्याचं गोत्र, त्याच्या आईचं माहेर, घर भाड्याचं की मालकीचं असं सगळं पुन्हा विचारून घेतलं. ईरम्माला वाटलं, अत्तींना अजून आशा आहे. तसं नव्हतं. दानम्माच्या मामेभावाची एक मुलगी घरी होती, पहिलं लग्न मोडून परत आलेली. ती दानम्माच्या डोक्यात आली होती. पुढच्या चैत्रात त्या दोघांची उडकी झाली. रुद्रप्पा अशा रीतीनं दानम्माच्या माहेरचा झाला, आणि संसार बरा झाला म्हणतात. बाईंनी त्याला नंतर एकदाच पाहिलं, नव्या पेठेत, बरोबर बायको आणि नागव्वा. लांबून दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

त्या दिवशी दिवे लागायच्या बऱ्याच आधी ईरम्मा बोर्डिंगवर पोचली. दानम्मा संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. हिरवं लुगडं मात्र तिनं नेलं नाही. ते सुनेकडेच राहिलं.

बुधवारचा पाठ काही फार चांगला झाला नाही. देवळाबद्दल आणि इंद्रभुवनाबद्दल सांगायचं राहून गेलं, कारण बाई त्या आडव्या पडलेल्या नाचणारीपाशीच अडकल्या. मुलींनी माना कलत्या केल्या, एक तर बाकावरून पडली, वर्गात हशा झाला. मथुराबाईंनी शेरा दिला, की वेळेचं भान राहिलं नाही. पण पुढच्या रविवारी त्या वर्गातल्या मुलींनी आपापल्या घरच्यांना ओढत किल्ल्यात नेलं, हेही त्यांच्या कानावर आलं आणि ते त्यांनी ईरम्माला बोलावून सांगितलं.

परीक्षा पास झाल्यावर नेमणूक झाली ती सांगोल्याला, आमच्या मुलींच्या शाळेवर. माळरान, मेंढरं, आणि उन्हाळ्यात दोन-दोन कोसांवरून पाणी. बाईंनी भाड्यानं एक खोली घेतली. तीन महिन्यांनी दानम्मा आली, आठ दिवस राहते म्हणून. सिद्धप्पा दोनदा न्यायला आला. दुसऱ्या खेपेला त्यानं गूळ आणि शेंगा आणल्या होत्या आणि परत जाताना एकटाच गेला.

मला आठवतात त्या दानम्मा म्हणजे शाळेच्या दारापाशी वाती वळत बसलेली म्हातारी. मराठी त्यांना कामापुरतं येई, पण रागावायच्या त्या कानडीतच. कुणी उशिरा येताना दिसलं की हातातला कापूस तसाच धरून ओरडायच्या, “बेग बा! बेग बा!” लवकर ये, लवकर ये. आमच्यातल्या धनगरांच्या पोरी ते शब्द घरी घेऊन गेल्या. त्या काळात माळावरून जाणाऱ्या माणसाला मेंढरांमागून एखादी पोरगी कानडीत ओरडताना ऐकू आली असती, आणि मेंढरं तिचं ऐकतही असत.